अमेरिकेत १९५२-५३ साली टीव्हीवर सगळ्यात जास्त काय बघायचे, आणि तो ६७.३ चा आकडा नेमका कशाचा?

दर आठवड्याला मालिकांच्या टीआरपीची यादी आली की आपल्याकडे तेच सुरू होतं, अमुक मालिका एक नंबरला कशी काय गेली, आमच्या घरात तर कोणीच बघत नाही, मग बघतंय तरी कोण. प्रश्न बरोबर आहे, पण त्याचं उत्तर समजून घ्यायचं तर आत्ताची यादी घेऊ नये असं मला वाटतं, कारण आत्ताच्या यादीत आपलं आवडतं-नावडतं मध्ये येतं आणि मग गणित बाजूला राहून नुसती बाजू घेणं चालू होतं. म्हणून मी एक जुनी यादी घेतलीय, अमेरिकेची, १९५२-५३ च्या सीझनची. ही यादी यासाठी की तिच्यातला पहिला आकडा, ६७.३, हा वर्षभराच्या सरासरीचा असा आकडा आहे की तिथे त्यानंतर कुठल्याही कार्यक्रमाला तो गाठता आलेला नाही, सत्तर वर्षं होऊन गेली तरी.

आधी यादीच सांगते. एक नंबरला आय लव्ह ल्यूसी ही विनोदी मालिका, ६७.३. दोनला आर्थर गॉडफ्रीज टॅलेंट स्काउट्स ५४.७, तीनला त्याच गॉडफ्रीचा दुसरा कार्यक्रम आर्थर गॉडफ्री अँड हिज फ्रेंड्स ४७.१. मग ड्रॅगनेट ४६.८, टेक्साको स्टार थिएटर ४६.७, ब्यूइक सर्कस अवर ४६.०, कोलगेट कॉमेडी अवर ४४.३, गँगबस्टर्स ४२.४, ग्राउचो मार्क्सचा यू बेट युअर लाइफ ४१.६ आणि दहावा फायरसाइड थिएटर ४०.६. पहिले तीन सीबीएस नेटवर्कचे आणि खालचे सातच्या सात एनबीसीचे. तेव्हा अमेरिकेत नेटवर्क खरं तर चार होती, एबीसी आणि ड्यूमॉन्ट पण होती, पण त्यांचा एकही कार्यक्रम या दहात नाही, ते का ते पुढे येईल.

आता नेटवर्क म्हणजे काय हे आधी बघू, कारण आपण दूरदर्शनवर वाढलेली माणसं, आपल्या डोक्यात दिल्लीहून एकच चॅनल सगळ्या देशाला असं चित्र असतं. अमेरिकेत तसं नव्हतं. तिथे प्रत्येक शहरात वेगळं टीव्ही स्टेशन, त्याचा मालक वेगळा, त्याचं लायसन्स वेगळं. नेटवर्कवाले न्यूयॉर्कला किंवा हॉलिवूडला कार्यक्रम तयार करून या स्टेशनांना पुरवणार आणि स्टेशनवाले तो आपल्या गावात दाखवणार, अशी ती साखळी. पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत थेट चित्र जायची सोय सुद्धा सप्टेंबर १९५१ मध्ये झाली, म्हणजे आपल्या यादीच्या जेमतेम वर्षभर आधी. तर एखादा कार्यक्रम देशात किती बघितला गेला हे तो किती छान आहे यावर तर आहेच, पण तो किती गावांत पोचला यावर पण आहे, हे लक्षात ठेवा, सगळी गंमत तिथेच आहे.

मग ६७.३ म्हणजे काय? ६७.३ टक्के. यालाच रेटिंग म्हणतात. पण कशाचे टक्के? हा प्रश्न विचारल्याशिवाय पुढे जायचंच नाही. बहुतेक जण वाचतात की दोन तृतीयांश अमेरिका ल्यूसी बघायची, आणि ते चूक आहे. हे टक्के ज्या घरात टीव्ही आहे फक्त त्या घरांचे. १९५३ च्या सुमाराला अमेरिकेत टीव्ही असलेली घरं होती साधारण २ कोटी ४ लाख, आणि देशातल्या एकूण घरांच्या ती पंचेचाळीस टक्के पण नव्हती. म्हणजे निम्म्याहून जास्त घरांत टीव्हीच नाही. २ कोटी ४ लाखांचे ६७.३ टक्के काढले तर येतात १ कोटी ३७ लाख घरं, आणि ही घरं देशातल्या सगळ्या घरांच्या तीस टक्के. तीस टक्के सुद्धा प्रचंडच आहे हो, पण दोन तृतीयांश अमेरिका आणि तीस टक्के अमेरिका यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

हाच छेद, म्हणजे ज्यांचे टक्के काढायचे ती टीव्हीची एकूण घरं, वर्षावर्षाला बदलतो आणि मग आकडे फसवायला लागतात. याचं सगळ्यात चांगलं उदाहरण मिल्टन बर्ल. टेक्साको स्टार थिएटर हा त्याचा कार्यक्रम, मंगळवारी रात्री आठला, आणि टीव्ही नवा होता तेव्हा हा माणूस म्हणजेच टीव्ही असं समीकरण होतं, मिस्टर टेलिव्हिजनच म्हणायचे त्याला. १९५०-५१ ला तो एक नंबर होता, ६१.६ वर. पुढच्या वर्षी ५२ वर आला, आणि आपल्या यादीत ४६.७ वर, पाचवा. वाचणारा म्हणणार संपला बर्ल, लोक कंटाळले. पण आता घरं मोजा. १९५०-५१ ला टीव्हीची घरं होती १ कोटी ३ लाखांच्या आसपास, त्याचे ६१.६ टक्के म्हणजे ६३ लाख घरं. १९५२-५३ ला २ कोटी ४ लाखांचे ४६.७ टक्के, म्हणजे ९५ लाख घरं. रेटिंग पंधरा अंकांनी उतरलं आणि बघणारी घरं मात्र दीडपट झाली! दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या. झालं असं की आधी टीव्ही मोठ्या शहरांत होता, न्यूयॉर्कसारख्या, तिथल्या लोकांना बर्लची ती नाटक कंपनीवाली धांगडधिंग्याची कॉमेडी, बायकांचे कपडे घालून स्टेजवर येणं वगैरे आवडायचं, मग टीव्ही लहान गावांत गेला आणि तिथल्या नव्या घरांतली बरीचशी दुसरं काहीतरी लावायला लागली. जुना प्रेक्षक पळून गेला असं म्हणता येत नाही, नवा प्रेक्षक आला आणि त्याची आवड वेगळी निघाली, एवढंच या आकड्यातून नक्की कळतं.

आता दुसरी बाजू, पोचण्याची. १९४८ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकन सरकारच्या एफसीसी या खात्याने नवीन स्टेशनांना लायसन्स देणं थांबवलं, कारण जवळजवळच्या शहरांतली स्टेशनं एकमेकांच्या सिग्नलमध्ये घुसत होती आणि कुठल्या शहराला कुठला चॅनल द्यायचा याचं नियोजनच नीट झालेलं नव्हतं. सहा महिन्यांत उठेल म्हणून घातलेली बंदी उठली थेट एप्रिल १९५२ मध्ये. तोवर सगळ्या देशात मिळून शंभरावर थोडी एवढीच स्टेशनं. कोलोरॅडोतल्या डेन्व्हरसारख्या मोठ्या शहरात १९५२ च्या जुलैपर्यंत स्टेशनच नव्हतं, ओरेगॉनमधल्या पोर्टलंडला सप्टेंबरमध्ये आलं. आणि पिट्सबर्ग घ्या, पोलाद कारखान्यांचं एवढं मोठं शहर, तिथे १९५३ उजाडेपर्यंत एकच स्टेशन. एकच! चारही नेटवर्कचे कार्यक्रम त्या एकाच स्टेशनवरून निवडून निवडून दाखवले जायचे. आता पिट्सबर्गमधल्या एखाद्या घरात सोमवारी रात्री टीव्ही चालू आहे आणि त्यावर ल्यूसी आहे, तर त्या घराने ल्यूसी निवडली असं म्हणायचं की टीव्ही निवडला असं म्हणायचं? त्यांच्याकडे दुसरं बटणच नव्हतं.

ज्यांनी सुरुवातीचं दूरदर्शन बघितलंय त्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. रविवारी सकाळी १९८७-८८ ला रामायण लागायचं तेव्हा आमच्या आळीत ज्या एका घरी टीव्ही होता तिथे दाराबाहेर चपलांचा ढीग पडायचा, बाहेरच्या खोलीत पोरं जमिनीवर, मागे आज्या, खिडकीच्या गजांना धरून बाहेर उभे असलेले वेगळेच. रामायण लोकांना मनापासून आवडत होतं यात शंका नाही, लोक टीव्हीला हार घालायचे, पण रस्ते ओस पडायचे ते आवडीबरोबरच त्या वेळी दुसरं चॅनल नव्हतं म्हणून पण, आणि या दोन गोष्टी आकड्यात वेगळ्या करता येत नाहीत. आणि अजून एक, ते घर मोजणीत धरलं तर एक घर म्हणूनच धरलं जाणार. आत तीस-चाळीस माणसं बसली होती हे रेटिंगला दिसत नाही. १९५२ च्या अमेरिकेत पण शेजाऱ्यांकडे जाऊन टीव्ही बघणारे भरपूर होते.

एबीसी आणि ड्यूमॉन्ट दहात का नाहीत याचं उत्तर पण इथेच आहे. ज्या गावात एक किंवा दोनच स्टेशनं, तिथला स्टेशनवाला आधी एनबीसी आणि सीबीएसचे मोठे कार्यक्रम घेणार, कारण रेडिओच्या काळापासून तीच दोन मोठी. राहिलेल्यांना उरलेली जागा. ड्यूमॉन्टकडे फुल्टन शीन नावाचे एक बिशप होते, मंगळवारी आठला, म्हणजे बरोबर बर्लच्या समोर, आणि कार्यक्रम काय तर हे गृहस्थ झगा घालून उभे राहणार, बाजूला एक फळा, हातात खडू आणि अर्धा तास बोलणार. बस. लोकांनी तो एवढा उचलून धरला की त्यांना टीव्हीचा एमी पुरस्कार मिळाला. पण पहिल्या दहाच्या यादीत ते नाहीत. मला विचाराल तर एक फळा आणि एक खडू घेऊन बर्लसमोर उभं राहून माणसं खेचणं ही त्या सीझनची फार मोठी गोष्ट होती, पण यादीतून ती तुम्हाला कधीच कळणार नाही.

रेटिंगबरोबर एक शेअर नावाचा आकडा पण असतो आणि दोन्हींत कायम घोळ होतो, म्हणून एका चाळीचं उदाहरण घेऊ. चाळीत दहा घरांत टीव्ही आहे. रात्री नऊला सहा चालू आहेत, चार बंद. चालू सहापैकी तिघांकडे ल्यूसी. तर ल्यूसीचं रेटिंग तीस, कारण दहापैकी तीन, आणि शेअर पन्नास, कारण चालू सहापैकी तीन. मध्यरात्रीच्या भुताच्या सिनेमाचा शेअर साठ असू शकतो आणि रेटिंग दोन, कारण जागंच कोणी नाही. म्हणून कोणी नुसता शेअर सांगायला लागलं की आधी वेळ विचारायची.

आणि टक्के मोठे म्हणजे माणसं जास्त असंही नाही. मॅश या मालिकेचा शेवटचा भाग २८ फेब्रुवारी १९८३ ला लागला, रेटिंग ६०.२, शेअर ७७. ल्यूसीच्या वर्षभराच्या सरासरीपेक्षा सुद्धा रेटिंग कमी. पण १९८३ ला टीव्हीची घरं होती ८ कोटी ३३ लाख, त्यामुळे बघणारी घरं झाली ५ कोटी आणि माणसं साडेदहा कोटींच्या वर. मग मोठं कोण, ल्यूसी की मॅश? तुम्ही टक्के मोजताय का माणसं, त्यावर आहे.

बरं, हे मोजायचे कसे? २ कोटी ४ लाख घरांत जाऊन कोण बघणार? हे काम करायची शिकागोची नील्सन कंपनी, आर्थर नील्सन यांची. त्यांच्याकडे ऑडिमीटर नावाचं यंत्र होतं, मूळ कल्पना एमआयटी या अमेरिकन विद्यापीठातल्या दोन प्राध्यापकांची, नील्सननी ती १९३६ ला विकत घेऊन आधी रेडिओसाठी वापरली आणि १९५० पासून टीव्हीसाठी. एक डबा, तो टीव्हीला जोडून कपाटात नाहीतर टेबलाखाली ठेवायचा. आत १६ मिलिमीटरची फिल्म अगदी हळूहळू सरकत राहायची आणि टीव्ही चालू असला की कुठलं स्टेशन लावलंय त्याप्रमाणे प्रकाशाची रेघ फिल्मवर उमटायची. ठरलेल्या दिवसांनी ती फिल्मची डबी काढायची, पोस्टात टाकायची आणि पोस्टाने आलेली नवी डबी यंत्रात बसवायची. आता लोक हे विसरणार, नाहीतर आळस करणार, हे नील्सनवाल्यांना माहीत होतं, म्हणून त्यांनी यंत्रात अशी युक्ती केली की नवी डबी नीट बसली की खालून पंचवीस सेंटची दोन नाणी बाहेर पडायची. मला हे वाचल्यापासून ते दृश्य दिसतच राहतं, स्वयंपाकघरातून हात पुसत आलेली बाई, डबी खटकन बसते आणि दोन नाणी तिच्या हातात येतात, आणि त्या डबीवर न्यूयॉर्कमधल्या एखाद्या मोठ्या कार्यक्रमाचं पुढचं वर्ष ठरणार असतं.

अशी यंत्रं काही सगळीकडे नव्हती, काही शे ते हजारभर घरांत असतील. लोकांचा विश्वास बसत नाही तो इथे, एवढ्याशा घरांवरून सगळ्या देशाचं कसं सांगता म्हणून. पण शितावरून भाताची परीक्षा आपण रोज करतोच की, आणि भात किती माणसांचा आहे यावर किती शितं दाबायची ते ठरत नाही. अट एकच, भात नीट ढवळलेला पाहिजे, वरवरचंच शीत काढून चालत नाही. घरं सगळ्या भागांतली, गरीब-श्रीमंत, शहर-खेडं अशी मिसळून निवडली असली तर हजार घरं पुरतात. फक्त उत्तरात थोडी चूक राहणार, आणि ती किती हे गणिताने काढता येतं. हजार घरांत पन्नास टक्क्यांच्या आसपासचा आकडा आला तर तो तीनेक टक्के इकडे नाहीतर तिकडे असू शकतो. वर्षभराची सरासरी घेतल्यावर ही चूक थोडी कमी होते, पण घरं तीच ती असल्यामुळे जात नाही.

आता हे डोक्यात ठेवून यादी परत वाचा. ड्रॅगनेट ४६.८ चौथा आणि टेक्साको ४६.७ पाचवा, फरक किती तर ०.१. हजारात एक घर! एखाद्या घरात कोणी आजारी पडून टीव्ही बंद राहिला तरी नंबर बदलेल. चौथा-पाचवा-सहावा हे एकाच पायरीवर उभे आहेत असंच समजायचं. पण ल्यूसी आणि दुसऱ्या नंबरमध्ये १२.६ चा फरक आहे आणि तो कुठल्याही चुकीच्या बाहेरचा आहे, ती खरंच पुढे होती. आपल्या टीआरपीच्या यादीत पण हेच बघायचं, एक आणि दोनमध्ये किती अंतर आहे ते, नुसता नंबर बघून काही कळत नाही.

या यंत्राला एक गोष्ट मात्र कळायची नाही, समोर कोण बसलंय. टीव्ही चालू आणि सगळे जेवायला आत, तरी रेघ उमटणारच. घरातल्या प्रत्येकाने आपापलं बटण दाबायचं असं मीटर अमेरिकेत देशभराच्या मोजणीला लागलं ते १९८७ ला. आपल्याकडे आज टीआरपी काढणाऱ्या बार्क या संस्थेची मोजणी पण तशाच बटणांच्या मीटरने चालते, आणि चॅनल कुठलं ते आवाजात मिसळलेल्या, कानाला ऐकू न येणाऱ्या खुणेवरून ओळखतात.

यादीत अजून दोन गाठी आहेत. पाचवा टेक्साको आणि सहावा ब्यूइक सर्कस हे दोन्ही मंगळवारी आठलाच लागायचे! बर्ल तीन आठवडे करायचा आणि चौथ्या आठवड्याला सुट्टी, त्या दिवशी ब्यूइक सर्कस. म्हणजे लोकांना मंगळवारी आठला एनबीसी लावायची सवय होती, बर्ल नसला तरी बोटं तिथेच गेली. ४६.७ आणि ४६.० एवढे जवळ आहेत ते यामुळेच असं मला वाटतं. आणि गँगबस्टर्सची गोष्ट तर ऐकून वाईट वाटतं. ड्रॅगनेट ही जॅक वेबची पोलिसांची मालिका, लॉस एंजेलिसमधली, फिल्मवर शूट करायची, आणि दर आठवड्याला एक भाग तयार होणं त्यांना सुरुवातीला जमत नव्हतं. म्हणून गुरुवारी एक आठवडा ड्रॅगनेट, एक आठवडा गँगबस्टर्स. मग ड्रॅगनेटचे भाग दर आठवड्याला द्यायची तयारी झाली आणि डिसेंबर १९५२ मध्ये गँगबस्टर्स बंद केली. देशात आठव्या नंबरची मालिका, ४२.४ रेटिंग, आणि बंद! कारण ती जागा भरायलाच आणलेली होती. आपल्या इथे मालिका बंद झाली की टीआरपी नव्हता हे एकच कारण आपण धरून चालतो, तसं दर वेळी नसतं.

टेक्साको म्हणजे पेट्रोल कंपनी, ब्यूइक म्हणजे मोटारी, कोलगेट आपल्याला माहीतच आहे. कार्यक्रमाच्या नावातच कंपनी, कारण तेव्हा अमेरिकेत कंपनी आख्खा कार्यक्रमच उचलायची, तिची जाहिरात एजन्सी तो घडवायची आणि नेटवर्क म्हणजे बऱ्याच वेळा नुसती वेळ भाड्याने देणारं. टॅलेंट स्काउट्स लिप्टन चहाचा होता, ल्यूसी फिलिप मॉरिस सिगारेटची. आपल्या भारतात तेव्हा टीव्ही नव्हताच, दिल्लीत आला १९५९ ला आणि मुंबईत १९७२ ला, पण बघा, याच १९५२ साली रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला सुरू झाली, नावात टूथपेस्ट, आणि थोड्याच वर्षांत तो कार्यक्रम म्हणजे लोकप्रियतेची यादीच झाला! अमीन सयानींचा आवाज आणि पायदानं. म्हणजे इकडे आणि तिकडे एकाच सुमाराला लोकांना कोण कितव्या नंबरवर याची ओढ लागली होती आणि दोन्हीकडे खर्च माल विकणाऱ्या कंपन्याच करत होत्या. म्हणून रेटिंग हे मुळात कार्यक्रम कसा आहे त्याचं मार्कशीट नाहीच, आपले पैसे किती घरांत पोचले हे कंपनीला कळावं म्हणून केलेला तो हिशेब आहे.

आणि आता ल्यूसी. ल्यूसिल बॉल आणि तिचा खरा नवरा देसी आर्नाझ, जो क्यूबाचा होता. नेटवर्कला भीती होती की अमेरिकन बायको आणि परदेशी उच्चारात बोलणारा नवरा लोकांना पटणार नाही. तर १९५२ मध्ये ल्यूसिलला दिवस गेले आणि त्यांनी ठरवलं की लपवायचं नाही, मालिकेतल्या ल्यूसीला पण दिवस गेलेले दाखवायचे. त्या काळात टीव्हीवर गरोदर हा शब्द उच्चारायची सुद्धा सोय नव्हती, त्याच्या जागी दुसरा सौम्य शब्द वापरला आणि स्क्रिप्ट एक कॅथलिक पाद्री, एक प्रोटेस्टंट पाद्री आणि एक ज्यू रब्बाय अशा तिघांना दाखवून घेतली. बाळंतपणाचा भाग नोव्हेंबरमध्येच शूट करून ठेवला. त्यात नवरा आणि शेजारचं जोडपं दवाखान्यात जायची तालीम करतात, कोण बॅग घेणार, कोण फोन करणार, सगळं ठरवून, आणि खरी वेळ येते तेव्हा सगळ्यांची अशी तारांबळ उडते की बॅग, कोट सगळं घेऊन तिघं दाराबाहेर पळतात आणि ल्यूसी आतच राहते. हा भाग १९ जानेवारी १९५३ ला, सोमवारी रात्री लागला. ल्यूसिलचं सिझेरियन त्याच दिवशीचं ठरलेलं होतं, सकाळी तिला मुलगा झाला, आणि मालिकेत पण लेखकांनी आधीपासून मुलगाच लिहून ठेवला होता. त्या रात्री रेटिंग गेलं ७१.७ वर, माणसं ४ कोटी ४० लाख. दुसऱ्या दिवशी आयसेनहॉवर यांचा राष्ट्राध्यक्षपदाचा शपथविधी टीव्हीवर होता, तो बघितला साधारण २ कोटी ९० लाखांनी. त्यातही एक रात्री होता आणि एक दिवसा कामाच्या वेळेत होता हे धरायला पाहिजे, तरी पण.

राहिली एकच गोष्ट आणि ती रेटिंगच्या यादीत नाही. त्या वेळी बरेच कार्यक्रम थेट व्हायचे. दूरच्या गावांसाठी काय करायचे, तर टीव्हीच्या पडद्यासमोर कॅमेरा ठेवून त्याचंच चित्रण करायचे आणि ते धुरकट, पुसट चित्र पाठवायचे. ल्यूसी आणि देसीला न्यूयॉर्कला जायचं नव्हतं, हॉलिवूडमध्येच राहायचं होतं, आणि जाहिरातवाल्या सिगारेट कंपनीला देशभर चांगलं चित्र पाहिजे होतं. मग देसीने सांगितलं की आम्ही सिनेमाच्या ३५ मिलिमीटर फिल्मवर शूट करतो, समोर खरे प्रेक्षक बसवून, तीन कॅमेरे एकदम लावून. कार्ल फ्रॉइंड, ज्यांनी जर्मनीत मूकपटांच्या काळात मोठमोठ्या सिनेमांचं छायाचित्रण केलेलं, त्यांनी त्या प्रकाशयोजनेचं अवघड कोडं सोडवलं. खर्च वाढणार होता म्हणून दोघांनी आपलं मानधन कमी करून घेतलं आणि त्या बदल्यात त्या फिल्मची मालकी मागितली. एकदा दाखवून झालेल्या भागाची मालकी घेऊन करणार काय, असं तेव्हा वाटायचं, म्हणून ती मिळाली पण. दोन नंबरचा टॅलेंट स्काउट्स आज शोधायला गेलात तर फार थोडा सापडतो, तो हवेत गेला आणि संपला. ल्यूसीचे भाग फिल्मवर स्वच्छ राहिले, पुन्हा पुन्हा दाखवता आले, ते पुन्हा दाखवायचे हक्क दोघांनी काही वर्षांनी सीबीएसलाच कित्येक लाख डॉलरला विकले, आणि १९५७ ला त्यांच्या कंपनीने आरकेओ स्टुडिओ विकत घेतला, ज्या स्टुडिओच्या सिनेमाच्या वेळी १९४० साली दोघांची पहिली भेट झाली होती.